डोंगरातील माणसे आणि त्यांचे वर्णन करणारे : जॉन रांगीहाऊ यांचे जीवनकार्य
(पापाकुरा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोलावे असे सुचविले होते. परंतु मधुमेह आणि रक्तदाब या विषयांवर मी आपणांपैकी पुष्कळांना वर्षभर तपासणीच्या खोलीत सुनावीतच असतो. त्यामुळे आज वेगळा विषय घेण्याची परवानगी मी मागून घेतली आणि कार्यकारिणीने ती उदारपणे दिली, याबद्दल मी आरंभीच आभार मानतो.

ज्या पापाकुरात आज आपण जमलो आहोत, त्याच पापाकुरात १९५९ साली घडलेला एक प्रसंग आपल्या मुलांना ठाऊक असावा असे मला वाटते. येथून जवळच असलेल्या किंगसीट मनोरुग्णालयात डॉ. हेन्री बेनेट नावाचे एक वैद्यकीय अधिकारी होते. ते येथील एका मद्यगृहाच्या बैठकीच्या दालनात गेले असता त्यांना पेय देण्यास नकार देण्यात आला. कारण एकच, ते माओरी होते. या गृहस्थांचे वडील फ्रेडरिक बेनेट हे माओरींमधील पहिले अँग्लिकन बिशप. थोरले बंधू चार्ल्स यांनी दुसऱ्या महायुद्धात माओरी बटालियनचे नेतृत्व केले होते आणि त्याच १९५९ साली मलायातील न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. एका भावाने परदेशात देशाचे प्रतिनिधित्व करावयाचे आणि दुसऱ्याला देशातच टेबलाशी बसू द्यावयाचे नाही! हे प्रकरण देशभर आणि देशाबाहेरही गाजले.

येथून थोड्याच अंतरावरील पुकेकोहे गावाचा इतिहासही असाच आहे. तेथे १९२६ साली 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली ती प्रामुख्याने भाजीपाला पिकविणाऱ्या भारतीय आणि चिनी शेतकऱ्यांच्या विरोधात. त्याच गावच्या शेतांत कांदे-बटाटे काढणाऱ्या माओरी मजुरांना चित्रपटगृहात वेगळे बसावे लागे, केशकर्तनालयात प्रवेश नसे, आणि १९५२ साली त्यांच्या मुलांसाठी वेगळी शाळाही निघाली. चहाच्या वेगळ्या कपाची कथा ज्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना यातील काहीही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मद्यगृहातील त्या नोकराला डॉ. बेनेट यांच्याविषयी काय माहीत होते? काहीच नाही. त्याच्या मनात माओरी माणसाची एक ठोकळेबाज प्रतिमा आधीच तयार होती आणि दारातून आत आलेला मनुष्य त्या प्रतिमेच्या आड दिसेनासा झाला. अशी प्रतिमा एका दिवसात तयार होत नाही. ती पाठ्यपुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून आणि सरकारी अहवालांतून तयार होते. विद्वानांच्या जाडजूड ग्रंथांतूनही होते, हे विशेषत्वाने लक्षात ठेवावयास हवे. तिच्याशी आयुष्यभर झुंज देणाऱ्या एका माणसाचा परिचय मी आज करून देणार आहे. त्यांचे नाव जॉन ते रांगीआनिवानिवा रांगीहाऊ. ते तुहोए जमातीचे.

तुहोए हे डोंगरातील लोक. उत्तर बेटाच्या पूर्वेकडे ते उरेवेरा नावाचा अरण्यमय पर्वतप्रदेश आहे. त्याचे आजचे क्षेत्र सुमारे २,१२७ चौरस किलोमीटर भरते. पाऊस अमाप, दऱ्या अरुंद, सकाळचे धुके दुपारपर्यंत उठत नाही. धुक्याची कन्या हिनेपुकोहुरांगी आणि ते माउंगा, म्हणजे पर्वत, यांच्या संयोगातून आपला वंश निर्माण झाला असे तुहोए परंपरा सांगते. १८४० च्या वायतांगी करारावर त्यांनी सही केली नव्हती. तरीही १८६६ साली सरकारने त्यांची सुपीक सखल जमीन बंडखोरीच्या नावाखाली जप्त केली. पुढे ते कूटी या बंडखोर नेत्याला आश्रय दिला म्हणून सैन्याने त्यांची घरे आणि उभी पिके जाळली. १८९६ साली कायदा करून या प्रदेशात त्यांना स्वशासनाचे अभिवचन देण्यात आले. मात्र त्याच सरकारने पुढील पंचवीस वर्षांत एकेका माणसाकडून जमिनीचे हिस्से विकत घेऊन ते अभिवचन पोकळ करून टाकले. १९५४ साली उरले-सुरले अरण्य 'राष्ट्रीय उद्यान' झाले. डोंगर सरकारचा, आणि त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मनुष्य त्यात केवळ पाहुणा!

जमीन काढून घ्यावयाची असेल तर जमिनीवरच्या माणसाविषयी आधी काहीतरी बोलावे लागते. रानटी, धर्मवेडे, बंडखोर, कायदा न मानणारे अशी विशेषणे तुहोएंना लावली गेली. आपल्या सह्याद्रीत वेगळे काय घडले? इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले आणि सरकारी दप्तरात डोंगरकपारीतील महादेव कोळ्यांचा लढा 'दरोडेखोरी' म्हणून नोंदला गेला. १८७१ साली तर जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरविणारा कायदा आला.

दुसरी प्रतिमा अधिक गोड होती आणि म्हणूनच माझ्या मते अधिक घातक. १८९५ साली एल्सडन बेस्ट नावाचे गृहस्थ उरेवेरात आले. तेथे रस्ता बांधण्याचे काम चालू होते आणि त्या कामाच्या भांडारावर त्यांची नेमणूक होती. तुहोए लोकांत ते पुष्कळ वर्षे राहिले, भाषा शिकले, वंशावळ्या आणि गाणी टिपून घेतली. १९२५ साली त्यांचा 'तुहोए : धुक्याची लेकरे' हा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिश्रम निःसंशय मोठे आहेत आणि आज तुहोए अभ्यासकही त्या ग्रंथाचा उपयोग करतात. परंतु बेस्ट यांच्या दृष्टीने हे लोक म्हणजे लोप पावत चाललेल्या प्राचीन जगाचे अखेरचे अवशेष होते. ज्या तुताकांगाहाऊ नावाच्या वृद्धाने त्यांना माउंगापोहातू पर्वताखालच्या परिसराचे ज्ञान भरभरून दिले, तो स्वतः आपल्या काळातील राजकारण जाणणारा, सरकारशी वाटाघाटी करणारा पुढारी होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या बेस्ट यांचे. जेफ्री पापारोआ होल्मन यांनी २०१० साली या दोघांवर मिळून पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे त्या वृद्धाचा वाटा सामान्य वाचकांपुढे ठळकपणे आला.

आता रांगीहाऊ यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९१९ चा, वायकारेमोआना सरोवराच्या परिसरातला. बालपण वृद्धांच्या सहवासात गेले. दुसऱ्या महायुद्धात ते माओरी बटालियनमध्ये होते. परतल्यावर माओरी व्यवहार खात्यात कल्याण अधिकारी म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. हा काळ म्हणजे माओरी कुटुंबे झुंडीने शहरांकडे येण्याचा. ऑकलंडच्या दक्षिणेकडील आपली ही वस्ती त्याच स्थलांतरातून वाढली. पुढे १९७० च्या दशकात ते हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठातील माओरी अभ्यास आणि संशोधन केंद्रात आले. त्यांच्या नावावर ग्रंथांची रांग नाही. ते विद्वान होते ते मौखिक परंपरेच्या अर्थाने : वंशावळी मुखोद्गत, गीते मुखोद्गत, आणि सभेत उभे राहिले की शब्दाला वजन. आपल्याकडे पदवीवाचून विद्वत्ता मान्य करण्याची सवय अजूनही कमीच आहे. माझी स्वतःची पदवी भिंतीवर टांगलेली असताना हे मी बोलतो आहे, याची मला जाणीव आहे.

त्यांचा एक निबंध मात्र प्रत्येकाने वाचावा असा आहे. १९७५ साली मायकेल किंग यांनी संपादित केलेल्या 'ते आओ हुरीहुरी' या संग्रहात तो आला. त्याचा आशय थोडक्यात असा : मी प्रथम तुहोए आहे; माझा इतिहास, माझ्या चालीरीती आणि माझी गाणी तुहोएंची आहेत. सर्व जमातींना सरसकट एका माळेत ओवणारी 'माओरीपण' ही कल्पना राज्यकर्त्यांच्या सोयीची तर नाही ना, अशी शंका त्यांनी तेथे मोकळेपणाने मांडली. माओरी असणे म्हणजे काय हे पाकेहा, म्हणजे गोऱ्या, तज्ज्ञांनी आम्हांला शिकवू नये, असेही त्यांनी तेथे खडसावून सांगितले.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. 'माओरी' या शब्दाचा मूळ अर्थ 'साधा, नेहमीचा' एवढाच. परके लोक आल्यावर या भूमीतील माणसे स्वतःला 'साधी माणसे' म्हणू लागली आणि परक्यांनी तेच त्यांच्या वंशाचे नाव केले. नाव कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 'हरिजन' हे नाव आपल्याला दुसऱ्यांनी प्रेमाने दिले होते, आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. प्रेमाने दिलेले नावसुद्धा नाकारण्याचा अधिकार माणसाला असतो, हे ज्याला कळले आहे त्याला रांगीहाऊ यांची शंका लगेच कळेल.

भाषेच्या बाबतीत तर आपले आणि तुहोएंचे दुखणे अगदी जवळचे आहे. इतर माओरी जेथे 'ङ्‌ग' असा ध्वनी उच्चारतात, तेथे तुहोए केवळ 'न' उच्चारतात. 'तांगाता' म्हणजे माणूस. तुहोए म्हणतात 'तानाता'. माझी आजी आयुष्यभर 'पानी' आणि 'लोनी' म्हणत असे. शाळेत मी 'पानी' म्हटले तेव्हा गुरुजींनी मला वर्गापुढे उभे करून 'पाणी' हा शब्द दहा वेळा म्हणावयास लावला आणि वर्ग हसला. एका व्यंजनावरून माणसाची जात, गाव आणि बुद्धी ठरविण्याची ही विद्या सर्व देशांत सारखीच दिसते. येथे तर माओरी बोलल्याबद्दल शाळांतून मुलांना छडीचा मार मिळत असे.

आणि पुढे काय झाले पाहा. १९७० च्या दशकात भाषेची पाहणी झाली तेव्हा देशभर माओरी भाषा मुलांच्या तोंडून नाहीशी होत चालली होती. जेथे लहान मुले अजूनही घरातून माओरीच बोलत शाळेत येत, अशा अगदी मोजक्या गावांत तुहोएंचे रुआतोकी होते. त्या दशकाच्या अखेरीस तेथील शाळा देशातील पहिली अधिकृत द्विभाषिक शाळा झाली. १९८२ साली कोहांगा रेओ, म्हणजे 'भाषेची घरटी', ही बालवाड्यांची चळवळ सुरू झाली. आजी-आजोबांनी नातवंडांशी केवळ माओरीत बोलावयाचे, एवढी साधी कल्पना. तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या वडीलधाऱ्यांत रांगीहाऊ अग्रभागी होते. १९८७ साली माओरी ही अधिकृत भाषा झाली आणि पहिले भाषा आयुक्त झाले तिमोती कारेतू. २००४ साली माओरी वक्तृत्वाचे उच्च शिक्षण देणारी संस्था काढणारे तिघे, कारेतू, फारेहुइया मिलरॉय आणि पोऊ तेमारा, तिघांचीही मुळे तुहोएंमध्ये. ज्यांना शतकभर मागासलेले, आडवळणाचे म्हटले गेले, त्यांच्याच दारात सारा देश भाषेची शिदोरी मागावयास आला. डोंगराने जे राखले ते अडाणीपणामुळे राखले, असे कोणाला अजूनही म्हणावेसे वाटत असेल तर त्याने कारेतूंचे एखादे भाषण ऐकावे.

शहरात गेलेल्या तुहोएंची मुले डोंगराला पारखी होऊ नयेत म्हणून रांगीहाऊ यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या आरंभी 'ते हुई आहुरेई' हा महोत्सव सुरू झाला. दर दोन वर्षांनी शहरोशहरीचे तुहोए गट गावी परततात आणि नृत्य, गायन, वक्तृत्व यांत चढाओढ करतात. रचना जुन्याच असतात असे नाही. नव्याही रचल्या जातात. येथे मला वामनदादा कर्डकांची आठवण होते. लोकगीताच्या जुन्या चालीत त्यांनी नवा विचार ओतला आणि गावोगावच्या निरक्षर माउल्यांपर्यंत तो पोहोचविला. लोकसंस्कृती संग्रहालयाच्या काचेआड ठेवण्याची वस्तू असती तर ना वामनदादा झाले असते, ना आहुरेई. ऑकलंडमधील तुहोएंनी पानम्युअर येथे 'ते तीरा होऊ' हे आपले मराए, म्हणजे सभागृह आणि प्रांगण, उभारले आहे. आपल्याच देशात परागंदा झालेल्या माणसांनी बांधलेली ती वास्तू पाहिली की वर्गणी गोळा करण्यासाठी दारोदार फिरणाऱ्या आपल्या चिटणिसांचे कष्ट मला अधिक समजतात.

तथापि एक प्रश्न टाळून चालणार नाही. गेल्या महिन्यात हा विषय मी काही तरुण मित्रांना सांगितला तेव्हा एकाने स्पष्टपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, बाबासाहेबांनी तर खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना घटना समितीत फटकारले होते. जुन्या संस्कृतीचे रक्षण आपण का वाखाणावे?" प्रश्न रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर म्हटले, आणि ते सत्यच होते, कारण त्या खेड्याच्या रचनेत आपली जागा वेशीबाहेर होती. तुहोएंच्या डोंगरात सर्व काही आदर्श होते असे मीही म्हणणार नाही. परंतु ज्याच्या गावकुसाबाहेर आपण होतो ती संस्कृती आणि ज्या माणसांना स्वतःच्याच घरातून बाहेर काढले गेले त्यांची संस्कृती, या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकता येत नाहीत. पहिलीचे गोडवे गाणारा सत्तेच्या बाजूने बोलत असतो. रांगीहाऊ ज्यांच्या वतीने बोलत होते त्यांच्या हाती सत्ता नव्हती.

वैद्यकाच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक बिकट होतो आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा मला द्यावी. १९०७ साली न्यूझीलंडच्या संसदेने तोहुंगा, म्हणजे परंपरागत वैदू आणि पुरोहित, यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्याचे समर्थन कोणी केले? संसदेतील माओरी सभासदांनी, पहिले माओरी डॉक्टर माउई पोमारे यांनी, आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेले डॉ. ते रांगी हिरोआ यांनीदेखील. त्यांची तळमळ खरी होती. गोवर झालेल्या मुलांना थंड पाण्यात बुडविणारे भोंदू त्यांनी पाहिले होते. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा मी आनंदच व्यक्त केला होता, आणि भोंदूगिरीला माझ्या तपासणीच्या खोलीत आजही थारा नाही. मग १९०७ च्या कायद्यात खुपते ते काय? तो कायदा केवळ अघोरी उपचारांपुरता नव्हता. भविष्यकथन करून लोकांना आपल्यामागे नेण्यालाही तो गुन्हा ठरवीत होता, आणि त्याचा रोख तुहोएंचा धर्मनेता रुआ केनाना याच्याकडे होता हे उघड गुपित होते. रोग्याचे रक्षण करणाऱ्या कायद्याच्या पोटात राजकीय विरोधकाला गप्प करण्याचा हेतू दडलेला होता. प्रत्यक्षात शिक्षा फारच थोड्यांना झाल्या, पण एका समाजाचे सारेच ज्ञान संशयास्पद ठरले. वनौषधी जाणणारी म्हातारी आणि गल्लाभरू मांत्रिक, दोघांवर एकच शिक्का बसला. १९६२ साली तो कायदा रद्द झाला.

रुआवर तो कायदा चालला नाहीच. २ एप्रिल १९१६ रोजी सुमारे सत्तर सशस्त्र पोलीस माउंगापोहातूला चढून गेले. रुआचा मुलगा तोको आणि आणखी एक तरुण गोळीबारात ठार झाले. रुआवरील मुख्य आरोप न्यायालयात टिकले नाहीत, तरी त्याला शिक्षा झाली. त्याला आणि त्याच्या वंशजांना कायद्याने क्षमा आणि माफीचे शब्द मिळाले ते २०१९ साली, त्याच्या मृत्यूनंतर ब्याऐंशी वर्षांनी.

आपल्या महाराष्ट्रात याहून शहाणा मार्ग काहींनी दाखविला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून त्यांच्या पाड्यासारखा दवाखाना बांधला आणि त्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे नाव दिले. मात्र नवजात बालकांच्या मृत्यूचे मोजमाप त्यांनी शास्त्राच्या कसोटीवरच केले. आणि डोंगरातल्या माणसाने स्वतःच्या समाजाचा अभ्यास करण्याचे उदाहरण हवे असेल तर जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे आठवावेत. ते स्वतः महादेव कोळी. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले आणि सह्याद्रीतील आपल्या लोकांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. २००६ साली ते गेले. आपल्या येथील किती घरांत त्यांचे एखादे पुस्तक आहे, हे मी विचारणार नाही.

रांगीहाऊ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य त्यांच्या अखेरच्या वर्षांतले आहे. समाजकल्याण खात्याच्या कारभाराकडे माओरी दृष्टीने पाहण्यासाठी सरकारने एक सल्लागार समिती नेमली आणि रांगीहाऊ तिचे अध्यक्ष झाले. त्या काळी सरकारी बालगृहांत माओरी मुलांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठी होती. समिती राजधानीत बसून राहिली नाही. मराए-मराएवर जाऊन तिने लोकांची गाऱ्हाणी ऐकली. १९८६ साली तिने दिलेल्या अहवालाचे नाव 'पुआओ-ते-आता-तू', म्हणजे पहाट फुटणे. वंशभेद तीन प्रकारचा असतो असे त्यात मांडले आहे : व्यक्तीव्यक्तींमधला, सांस्कृतिक, आणि संस्थांच्या रचनेतच मुरलेला. तिसरा प्रकार सर्वांत अदृश्य. त्यात कोणी कोणाला शिवी देत नाही. अधिकारी सभ्य असतो, अर्ज छापील असतो. परंतु त्या अर्जात 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ आई, बाप आणि मूल एवढाच असतो. आजी, मावशी आणि चुलते मिळून मूल वाढविणारे फानाऊ, म्हणजे विस्तृत कुटुंब, त्या रकान्यात बसत नाही. मग अधिकारी लिहितो, 'मुलाला स्थिर घर नाही', आणि मूल उचलले जाते.

आम्हा डॉक्टरांच्या कागदांतही असे शब्द असतात. 'औषधोपचार पाळत नाही', 'भेटीस आला नाही', 'असहकारी'. त्या माणसाला दोन बसगाड्या बदलून यावे लागते, किंवा गावी कोणी वारल्यामुळे तो तीन दिवस अंत्यविधीच्या शोकसभेला बसला होता, हे त्या रकान्यात मावत नाही. शब्द मात्र पुढच्या डॉक्टरकडे जातो आणि रोगी पोहोचण्यापूर्वीच त्याची प्रतिमा पोहोचलेली असते.

त्या अहवालातून १९८९ चा बालक आणि कुटुंबविषयक कायदा आकारास आला. मुलाविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या विस्तृत कुटुंबाला एकत्र बसवून त्यांचे म्हणणे ऐकण्याची, 'कौटुंबिक गट परिषदे'ची पद्धत त्याने रूढ केली. पुढे अनेक देशांनी ती उचलली. सर्व काही सुरळीत झाले असे मात्र समजू नका. २०२१ साली वायतांगी न्यायाधिकरणाने याच विषयावर अहवाल दिला तेव्हा माओरी मुलांबाबतची विषमता कायमच होती. रांगीहाऊ १९८७ सालीच गेले होते. कायदा पाहावयास ते नव्हते, आणि त्याची अंमलबजावणी पाहावयासही नव्हते.

ते गेल्यानंतर वीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००७ रोजी, दहशतवादविरोधी कायद्याचे नाव घेऊन सशस्त्र पोलीस रुआतोकीत शिरले. रस्ता अडविला तो नेमका १८६६ च्या जप्तीच्या सीमारेषेवर. शाळकरी मुले बसलेल्या गाड्या थांबविल्या गेल्या, माणसांची छायाचित्रे घेतली गेली. त्या कायद्याखाली एकही खटला उभा राहू शकला नाही. चौघांवर शस्त्रांसंबंधीचे आरोप तेवढे सिद्ध झाले. पुढे ती नाकेबंदी बेकायदेशीर होती असा निष्कर्ष निघाला आणि २०१४ साली पोलीस आयुक्तांनी क्षमा मागितली. रानटी, धुक्यातला, दहशतवादी : दीडशे वर्षांत प्रतिमेचे कपडे बदलले, माप तेच राहिले. त्याच २०१४ साली संसदेने ते उरेवेराचा राष्ट्रीय उद्यान हा दर्जा काढून त्या प्रदेशालाच कायदेशीर व्यक्तित्व दिले. तो आता कोणाच्याच मालकीचा नाही आणि त्याच्या व्यवस्थापनात तुहोएंचा आवाज प्रमुख आहे.

बंधुभगिनींनो, आता मी जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही, पण ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला ते हेच. आपल्या घरांतील जेवणाच्या टेबलांवर, वाढदिवसांच्या समारंभांत, माओरी शेजाऱ्यांविषयी काय बोलले जाते ते मी ऐकतो. 'आळशी आहेत', 'सरकारी भत्त्यावर जगतात', 'त्यांची मुले असलेल्या शाळेत आपली नको', 'त्या गल्लीत घर घेऊ नका'. हे शब्द आपण कोठून आणले? आपण तर हजारो मैलांवरून आलो; आपला त्यांच्याशी ना वाद ना व्यवहार. हे शब्द येथे उतरल्यावर आपल्याला तयार मिळाले आणि आपण ते बिनदिक्कत वापरू लागलो. हीच वाक्ये आपल्या वस्तीकडे बोट दाखवून, 'सरकारचे जावई' म्हणून, आपण भारतात ऐकली आहेत. राखीव जागेवर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या कानांवर जे पडले त्याचे येथे भाषांतरही करावे लागत नाही.

आपली मुले मात्र अधिक मोकळी आहेत, हे मला नमूद केले पाहिजे. ती शाळेत हाका शिकतात, माओरीत स्वतःचा परिचय देतात : माझा पर्वत हा, माझी नदी ही, माझे लोक हे. माझ्या मुलीने प्रथम असा परिचय तयार केला तेव्हा तिने मला विचारले, "बाबा, आपला पर्वत कोणता?" त्या प्रश्नाने मी गोंधळलो. आमच्या गावाजवळ एक बोडका डोंगर आहे. त्याला गावाने दिलेले नाव आहे आणि आमच्या वस्तीने दिलेले वेगळे नाव आहे. शेवटी तिने आमच्या वस्तीचे नाव लिहिले.

१९७१ साली ऑकलंडच्या पॉन्सनबी भागात 'पॉलिनेशियन पँथर' स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी मुंबईत 'दलित पँथर'. दोघांनीही स्फूर्ती घेतली ती अमेरिकेतील काळ्या तरुणांपासून. मात्र समुद्राच्या दोन बाजूंना असलेल्या या दोन संघटना एकमेकींना प्रत्यक्ष भेटल्या नाहीत. आता आपण या किनाऱ्यावर येऊन राहिलो आहोत. भेट होण्यास अंतराची अडचण उरलेली नाही. पापाकुरा मराए आपल्या या सभागृहापासून मोटारीने काही मिनिटांवर आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो. पुढील वर्षीच्या कार्यक्रमास पापाकुरा मराएच्या ज्येष्ठांना रीतसर निमंत्रण द्यावे. त्यापूर्वी आपण त्यांच्याकडे जावे, त्यांच्या स्वागताची रीत शिकून घ्यावी आणि उत्तरादाखल गावयाचे गीत मुलांनी बसवावे. कोणते ते मुलेच ठरवतील. दुसरी सूचना उन्हाळ्याच्या सहलीची. या वेळी समुद्रकिनाऱ्याऐवजी रोटोरुआ आणि मुरुपारामार्गे रुआताहुना आणि वायकारेमोआना सरोवरापर्यंत जावे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. राज्यमार्ग क्रमांक ३८ चा बराचसा भाग अजूनही कच्चा आहे आणि वळणे पुष्कळ आहेत. ज्या मुलांना गाडी लागते त्यांच्या गोळ्या मी बरोबर घेईन.